टोरीचं तेल अन् माहा आंगठा

नाही, तुमी मले एक सांगा, माणसाचा आंगठा कोणाचा असते? त्याचा सोताचाच ना? का घरच्याइनं वाटून घ्याचा असते? आता हा पाहा माहा, उजव्या हाताचा... जवळून पाहा, लाजू नका. मऊ हाय का नाही? चकचकून राहिला का नाही? मे महिना चालू, तेंदूपत्त्याचा हंगाम चालू, अन् आमच्या सालेकसा तालुक्यात असा दुसरा आंगठा दाखवून द्या मले, मी तुमच्या घरी येऊन पाणी भरतो! सगळ्याइचे आंगठे काळे, चिरलेले, भेगा पडलेले, अन् या पतिरामचा आंगठा कसा, तं लगनातल्या नवरदेवावानी. लोकं म्हणतात, नशीबवान हायेस गा पतिराम. नशीबवान! तुमाले सांगतो, माह्याशी जो दगा झाला ना, तो या आंगठ्यातूनच झाला. अन् बाहेरच्यानं केला असता तं मी एक शबद बोललो नसतो.

सुरवात केली माह्या साळ्यानं. लखन त्याचं नाव, गोंदियाले मोबाइलच्या दुकानात कामाले हाय, अन् गोंदियाले राहून राहून असा झाला का सख्ख्या बहिणीसंगं बी हिंदीतच बोलते. माही पोट्टी चंचल चवथी पास झाली, पहिला नंबर, तं हा टॅब घेऊन आला. म्हणे, "जीजाजी, इसमें सब है. गणित है, इंग्लिश है, पूरा नवोदय इसमें है." आता नवोदय म्हणलं का माहं काळीज हालते, लपवत नाही तुमच्यापासून. पाचवीत परीक्षा द्याची, लागलं का सहावीपासून तिथंच राहाचं, तिथंच शिकाचं. आमच्या गावातून आजवर एकही पोट्टं लागलं नाही. मी सातवी नापास माणूस, पण माह्या मनात बसलं का लागन तं माहीच पोट्टी लागन. मंग घेतला टॅब.

अन् तिकडं शाळेत जागेश्वर गुरुजीनं सुट्ट्या लागाच्या आधी पालकाइची सभा बोलावली. गुरुजी मोठा सरळ माणूस. म्हणते, "पालकहो, ज्याच्या ज्याच्या घरी टॅब आहे त्यानं लेकराला हद्द घाला. दिवसाचा एक तास. त्याच्यावर गेलं की अभ्यास बाजूला राहते आणि डोळे खराब होतात." झालं, बोलले, बसले. सगळ्याइनं मान हालवली, सगळे घरी जाणार होते, चहा पण आला होता. अन् मी उठलो. काऊन उठलो, ते आमच्या पर्सापेन देवालेच ठाऊक! कोणी हाक मारली नव्हती, कोणी कोपर मारलं नव्हतं. उठलो, टोपी काढली, अन् साऱ्या गावासमोर म्हणलो, "गुरुजी, माह्या घरी एक तास म्हंजे एक तास. दोन मिनटं वर झाली तं हा पतिराम या शाळेत तोंड दाखवणार नाही." टाळ्या पडल्या ना. गुरुजीनं माहं उदाहरण घ्या म्हणून सांगतलं लोकाइले. मी घरी आलो तं चालत नव्हतो आलो, तरंगत आलो.

लखनले म्हणलो, बाबू, असं काही कर का माह्याशिवाय हे डब्बं उघडलंच नाही पाहिजे. तो म्हणते, "पासवर्ड मत रखो जीजाजी, बच्चे देख लेते हैं. आपका अंगूठा डाल देता हूं. आपके अंगूठे के बिना हिलेगा नहीं." अन् घेतला माहा आंगठा, एकदा असा, एकदा तसा, एकदा तिरपा. तुमाले सांगतो, आमच्या बापानं जिंदगीभर कागदावर आंगठा देल्ला अन् दर वेळी फसला. मी म्हणलो, आमच्या खानदानात हा पहिला आंगठा हाय जो दुसऱ्याले थांबवते. असा गर्व. फुगलोच मी.

मंग आठ दिवस काय मजेत गेले! संध्याकाळी पाचले चंचल टॅब घेऊन सामोर उभी, "बाबा, आंगठा." मी आंगठा टेकवला का टॅब उघडला, अन् मी मोकळा, चौकात. सहाले परत येऊन बंद करून टाकला. मधात माह्या मायले, दुर्पताबाईले, कचारगडच्या जत्रेतली गोंडी गाणी पाहाची असली, तं माय म्हणे, "पत्या, जरासा आंगठा दे ना." मी म्हणे, नाही! गुरुजीले शबद देल्ला, एक तास म्हंजे एक तास. बायको म्हणे, "मले ब्लाउजचा गळा पाहाचा हाय, दोन मिनटं." मी म्हणलो, रुख्मा, कायदा तो कायदा. तिघी एकमेकीकडं पाहून चूप बसल्या. मले वाटलं, ऐकून राहिल्या माहं. अरे, ते ऐकणं नव्हतं, ती मीटिंग होती!

मंग तेंदूपत्ता लागला. आता तुमच्यातल्या शहरातल्या लोकाइले सांगतो, तेंदूचं काम म्हंजे काय, तं पहाटे अंधारातच मी अन् रुख्मा जंगलात, बिडीची पानं तोडाची, दहाले उन्हानं टाळू तापली का गाठोडं डोस्क्यावर घेऊन घरी, अन् मंग बसाचं पुडे बांधाले. सत्तर पानाचा एक पुडा. पान मोजाचं आंगठ्यानं, दाबाचं आंगठ्यानं, दोरी आवळाची आंगठ्यानं. त्या पानाचा चीक लागते, बोटं काळी होतात, अन् कातडं तडकते. दुपारी एकले भात खाल्ला, छपरीत बाज टाकली, का मी गेलो. मी नाही निजत, मी मरतो. ढोल वाजवा, बकरी अंगावर चढवा, पतिराम उठणार नाही. अख्ख्या गावाले माहीत हाय. हेच चुकलं माहं, का हे घरच्याइले पण माहीत होतं.

हंगामाचा तिसरा दिवस. चारले उठलो, आळस देल्ला, हात पाह्यला... नऊ बोटं कोळशावानी काळी, अन् उजवा आंगठा धुतलेला! पुसलेला! त्याले तेल लावलेलं! वास घेतला तं टोरीचं तेल. मोहाच्या बियाचं तेल बाप्पा, आमच्याइकडं भेगाइवर तेच लावतात. मी मायले म्हणलो, माय, हे काय वो? माय पुडे बांधून राहिली होती, वर पाह्यलंही नाही. म्हणे, "भेगा पडल्या होत्या बाबू. नाही पाहवलं मले."

बाबू! तुमी माही माय पाह्यली नाही म्हणून तुमाले समजत नाही. दुर्पताबाई म्हंजे, मी लहानपणी झाडावरून पडलो, हात मोडला, तं आधी मले काडीनं झोडपलं अन् मंग वैदूकडं नेलं. माहं लगन झाल्यापासून तिनं माह्या डोस्क्यावर हात फिरवला नाही. ते बाई माह्या आंगठ्याले तेल लावून राहिली, अन् बाबू म्हणून राहिली. खोटं काय सांगू, मी घरामांगच्या सांदवाडीत जाऊन रडलो. चाळीस वर्षाचा माणूस, विहिरीच्या मांगं बसून, हूं हूं करून.

अन् दुसऱ्या दिवशी पण तेल! तिसऱ्या दिवशी पण! चवथ्या दिवशी तं मी निजाच्या आधीच रुख्मा कोमट पाणी घेऊन आली. म्हणे, "हात भिजवा, बरं वाटंल." रुख्मा! जे बाई मले पाण्याचा गिलास देते तं असा ठेवते का अर्धा सांडून जाते! अन् चंचल बाजेच्या बाजूले बसून म्हणे, "निज बाबा, मी हात धरून बसतो." ते पोट्टी सुपानं वारा घालून राहिली, माय तेलाची वाटी घेऊन बसली, रुख्मा कपड्यानं पुसून राहिली. मी डोळे मिटता मिटता म्हणलो, पतिराम, तुह्यावानी राजा नाही या जंगलात.

आता मले डोस्कं असतं तं तवाच समजलं असतं ना? बाकी नऊ बोटं कोणाचे होते मंग? पाहुण्याचे? पण माया आली का माणूस बोटं मोजत नाही, तुमाले सांगतो. उलटा मी जिथं पुडे द्याले जातो तिथं साऱ्या गड्याइले आंगठा दाखवत फिरलो. म्हणे, पाहा, याले म्हणतात घरचं माणूस. त्यातला आमचा शालीकराम, बिचारा, घरी जाऊन मायले म्हणला, "पतिरामची माय पाहा जरा, अन् तू." त्याच्या मायनं त्याले तीन दिवस भाजी वाढली नाही. ते पापही माह्याच आंगठ्यावर हाय.

अन् याच दिवसात माह्या मोबाइलवर रोज संध्याकाळी एक निरोप येऊन राहिला. लखननं बसवून ठेवलं होतं ते, पोट्टी किती वेळ शिकली त्याचा हिशोब. निरोप काय, तं "अभिनंदन! चंचल आज तीन तास चाळीस मिनिटे शिकली!" मी म्हणलो, अभिनंदन कायचं, यंत्र बिघडलं. लखनले फोन लावला, म्हणलो, साल्या, तुहा टॅब खोटं बोलून राहिला, एक तासाचे पावणेचार करून राहिला. तो म्हणते, "जीजाजी, मशीन झूठ नहीं बोलती. घर में पूछो." घर में पूछो! मी असं झापलं त्याले. म्हणलो, ज्या घरात माह्या आंगठ्याले तेल लावतात त्या घरावर शक घेतेस? माह्या रुख्मावर? माह्या मायवर? लाज नाही वाटत? अन् फोन कापला. आता तो साळा मले दिवसातून दोनदा फोन करते, काही बोलत नाही, नुसता हसते.

पण खरा फटका रविवारी बसला. गुरुजी सुट्ट्याइत दर रविवारी शाळेत सरावाची परीक्षा घेतात, ऐंशी प्रश्नाची. हंगामाच्या आधी माह्या चंचलचे एकसष्ट बरोबर होते. एकसष्ट! मी ते पेपर पाकिटात घेऊन फिरत होतो. अन् या रविवारी किती? चौतीस. पोट्टी सामोर उभी, डोळे लाल, चोळून राहिली, जांभया देऊन राहिली. अन् गुरुजी साऱ्या पालकासमोर मले विचारते, अगदी सावकाश, "पतिरामजी, तुमच्या घरचा एक तास कोणत्या घड्याळाचा आहे?" लोकं हासले. जे टाळ्या वाजवणारे होते ना, तेच हासले. मी टोपी घातली अन् खाली पाहत घरी आलो. लोकं हासले त्याचं मले इतकं नाही. नवोदय हातून जाऊन राहिलं, ते पोट्टीचे डोळे, ते लागलं मले. अन् तरी, तरी माह्या मनात घरच्याइचं नाव आलं नाही. मी म्हणलो, उन्हानं झालं असन.

मंग सोमवारी दुपारी एका मुंगीनं मले वाचवलं. नाहीतं मी आजपर्यंत राजाच राहिलो असतो. पानाच्या गाठोड्यातून आलेली लाल मुंगी, बाजेवर चढली, अन् घेतला ना माह्या पोटरीचा चावा. ढोलानं नाही उठलो तो पतिराम मुंगीनं जागा झाला. पण डोळे उघडाच्या आधी कानावर काय आलं?

"नाही उघडून राहिला. आजी, आणखी तेल."

"तेल नोको वो," हे रुख्मा. "काल तेल जास्त झालं तं टॅबनं ओळखलंच नाही. आधी पुसून घे."

अन् माही माय, माही जन्माची माय, माहं मनगट घट्ट धरून म्हणते, "हळू घास. या बाजूची भेग भरली नाही अजून. अन् मंग आज आधी माहे गाणे, काल तुमी लय वेळ पाह्यलं."

आता बोला! माह्या भेगा कायले भरून राहिले होते हे लोकं? माह्यासाठी? टॅबसाठी! चीक लागून अन् तडकून माहा आंगठा असा झाला होता का टॅब त्याले ओळखतच नव्हता, म्हणून ते कोमट पाणी, म्हणून ते टोरीचं तेल, म्हणून ते बाबू! मी विहिरीच्या मांगं कोणासाठी रडलो? त्या डब्ब्यासाठी रडलो मी! बाहेरच्यानं केलं असतं तं मी एक शबद बोललो नसतो, चोर होता म्हणलो असतो, मोकळा झालो असतो.

उठून बसलो. म्हणलो, हे काय चालू हाय? तुमाले वाटंल, माफी मांगतली असन. कोणी? दुर्पताबाईनं? माय म्हणते, "काय चालू हाय म्हंजे? कचारगडची गाणी हायेत त्यात, आपली गाणी. मले आता पहाड चढवत नाही, जत्रा होत नाही. पोट्टीले एक तास देल्ला, मले किती देल्ला?" चंचल म्हणते, "बाबा, मी आधी गणितच करतो, मंग कार्टून पाहतो, मंग... कार्टूनच पाहतो." निदान खरं तं बोलली. अन् मी रुख्माकडं वळलो, का निदान बायको तरी मान खाली घालन. रुख्मानं कपडा पिळला, दोरीवर टाकला, अन् शांतपणे म्हणते, "तुमी आंगठा देऊन चौकात जाऊन बसता. पोट्टीचं कोणतं गणित अडलं, कोणतं सुटलं, एक दिवस तरी बाजूले बसून पाह्यलं? गुरुजीनं हद्द घाला म्हणलं होतं. आंगठा टेकवून निघून जा म्हणलं नव्हतं. आमचं चुकलं, मानतो. पण घरी कोणीच नसन तं हद्द पाळाची कोणाची?"

दगा माह्याशी झाला, अन् बोलणंही मीच खाल्लं. असं घर हाय आमचं.

पण शबद लागला. खोटं काय बोलू, लय आत लागला. त्याच दिवशी लखनले सांगून आंगठा काढून टाकला, अन् एक नंबर टाकला, जो फक्त माह्या डोस्क्यात. अन् संध्याकाळी पाचले चौकात नाही गेलो. बसलो पोट्टीच्या बाजूले. अपूर्णांक निघाले. एक द्वितीयांश! मले काय समजते? पोट्टी म्हणे, "बाबा, सत्तर पानाचा पुडा हाय समज, त्यातले पस्तीस काढले तं किती?" अर्धा, मी म्हणलो. "मंग झालं ना." अन् मले सातवीत जे समजलं नाही ते दहा वर्षाच्या पोट्टीनं तेंदूच्या पानावर समजावलं. सहा वाजले, टॅब बंद, एक तास म्हंजे एक तास, अन् ते पोट्टी बंद टॅबवर हात ठेवून मले आणखी अर्धा तास सांगूनच राहिली. परवाच्या रविवारी किती बरोबर आले? बावन्न. गुरुजीनं चहाचा कप सोता माह्या हातात देल्ला.

म्हंजे सगळं नीट झालं ना? झालं. मंग पतिराम रडून काऊन राहिला, असं विचारा.

दुपार, बाप्पा. दुपारचं सांगतो. नंबर टाकल्यावरच्या पहिल्या दुपारी जेवलो, बाजेवर पडलो, हात बाहेर काढून ठेवला, सवयच झाली होती. कोणी आलं नाही. कोमट पाणी नाही, सूप नाही, बाबू नाही. दुसऱ्या दिवशी हात जरासा आणखी बाहेर काढला. नाही आलं कोणी. तिसऱ्या दिवशी आंगठा परत तडकला, रगत आलं, तं मी मायसमोर दोनदा हूं केलं, मोठ्यानं केलं. माय म्हणे, "तेल चुलीजवळ हाय. लावून घे." लावून घे! मी सोताच सोताले लावलं, तुमाले सांगतो, काही मजा नाही त्यात.

चवथ्या दिवशी लखनले फोन केला. म्हणलो, आंगठा परत टाकून दे. "क्यों जीजाजी, क्या हुआ?" म्हणलो, नंबर इसरतो मी. पुन्हा हासला साळा, पण गावी येऊन टाकला.

अन् आता असं चालू हाय, गुरुजीले सांगू नका. संध्याकाळचा तास माह्या बाजूले बसून, त्यात एक मिनिट इकडं तिकडं नाही. अन् दुपारी मी बाजेवर डोळे मिटून पडतो. निजत नाही, नुसता पडतो. ते तिघी येतात, कोमट पाणी, कपडा, तेल, टॅब उघडते. आधी मायचे गाणे, मंग रुख्माचा गळा, मंग चंचलचं एक कार्टून. मी मनात मोजून राहतो. अर्धा तास झाला का मी हूं करून कूस बदलतो, अन् तिघी घाबरून टॅब बंद करतात. पाहा कशी हद्द घातली! मी म्हणलो, पतिराम, आता हे लोकं तुले फसवून नाही राहिले, तू याइले फसवून राहिलास. लय समाधान वाटलं. चार दिवस.

काल दुपारी पडलो होतो, डोळे मिटलेले, टॅब उघडला होता, गाणं लागलं होतं, माय आंगठ्याले तेल चोळून राहिली होती. अन् चंचल हळूच म्हणते, "आजी, बाबा जागा हाय. पापणी हालून राहिली."

माय म्हणते, "माहीत हाय मले. चार दिवसापासून जागाच हाय."

"अन् टॅब तं केव्हाचा उघडला. मंग आता तेल कायले लावून राहिलीस?"

माय म्हणते, "लावू दे वो. त्याच्यासाठीच तं पडून राहते तो."

आता तुमीच सांगा, काय करन माणूस? डोळे उघडले तं इज्जत गेली, अन् उठून भांडलो तं उद्यापासून आपलं आपण लावून घ्या. बाहेरच्यानं केलं असतं तं... जाऊ द्या. पडून राहिलो मुकाट्यानं, अन् जराशानं, झोपेत सरकल्यावानी, डावा हात पण पुढं केला.